एकही परत नाही

ताईंचा हिशेब चादरींत चालायचा. पैसे त्यांनी आयुष्यभर मोजले, पण पैशांत त्यांना खर्चाचा अंदाज कधी आला नाही. रेबीजचं एक इंजेक्शन म्हणजे चार चादरी, धुऊन, वाळवून, इस्त्री करून, घडी घालून. मादीचं नसबंदीचं ऑपरेशन म्हणजे साठ चादरी. मोडक्या पायात सळई घालायची तर समोरच्या लॉजचे तिन्ही मजले, वर पडदे. कुणी विचारलं, "ताई, हे कुत्र्यांचं तुम्हाला परवडतं कसं हो?" तर त्या म्हणायच्या, "लोक झोपतात तोवर परवडतं."

लाँड्री मोठ्या रस्त्यापासून आत, दुसऱ्या गल्लीत. पुढे काउंटर, मागे धुलाईची चार मशिनं, त्यातलं एक कायम रुसलेलं. त्यामागे वाळवायच्या मशिनाची गरम खोली आणि मागच्या दाराबाहेर पत्र्याची शेड. नवरा गेला त्या वर्षीच्या थंडीत पहिला कुत्रा त्या मागच्या दारातून आत आला आणि गरम हवेच्या पाइपाखाली पसरला. दुसरा आपणहून आला. तिसरा कुणीतरी पोत्यात घालून दारात ठेवला, कारण तोवर गल्लीभर झालं होतं की लाँड्रीवाली ठेवून घेते. माणसं मोठी हुशार असतात. आपल्या दारची पीडा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची आणि वर तोंड करून सांगायचं, पुण्य तुम्हाला लागेल. नवऱ्याच्या वेळेपासून इस्त्रीवर उभे असलेले काका तेव्हाच म्हणाले होते, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं." ताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांना दोन वेळचं जेवण आणि झोप मिळत होती आणि बोलायला कुणी नव्हतं. बाईनं काय करावं?

नावं सगळी दुकानातलीच. खिसा, अस्तर, चिमटा, नीळ, खळ. एका लंगड्या, बोक्यासारख्या कुत्र्याला काकांनी 'उसवण' म्हटलं तर ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

एक कुत्रा पाळणाऱ्याला खर्च कळत नाही. सोळा पाळा, मग कळतो. तांदूळ पोत्यानं, कोंबडीचे पाय आणि माना टोपलीनं. जंताच्या गोळ्या, गोचिडांचं औषध, फिनेल, पाण्याचं बिल. शेजाऱ्याची चप्पल कुतरडली, तर भरपाई. चिमट्यानं खाल्ली होती फक्त डावी, उजवी शाबूत होती, पण पैसे दोन्हींचे मोजावे लागले आणि उजवी शेजाऱ्यानं घरीच ठेवून घेतली. हे सगळं बारीकसारीक. मोठा दणका बसला तो हॉस्पिटलच्या कामात. रोजच्या ऐंशी चादरी होत्या त्यांच्या. एक दिवस ऑपरेशनच्या हिरव्या कापडाच्या घडीत एक केस निघाला. एकच, पांढरा, बोटभर लांब. दुसऱ्या दिवसापासून गाडी आली नाही. ताई त्या दिवशी रिकाम्या मशिनासमोर स्टुलावर बसून रडल्या, आणि मग उठून लॉजवाल्याकडे गेल्या आणि त्याचे गालिचेही धुवायला मागून आणले. काका म्हणाले, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही पाणी शिंपडा, तो शर्ट जळतोय."

पण ताई वेड्या नव्हत्या. सोळांचे साठ होऊ द्यायचे नाहीत, तर जितके येतात तितके घरोघर गेले पाहिजेत, एवढं त्यांना पहिल्याच वर्षी कळलं. म्हणून दत्तक. कुत्रा बरा करायचा, टोचायचा, ऑपरेशन करायचं आणि चांगलं घर बघून द्यायचा. घर बघायला त्या स्वतः जायच्या. फाटकाची उंची हातानं मोजायच्या, मोरीत पाणी येतं का बघायच्या, घरातल्या लहानात लहान पोराला विचारायच्या, "बाबा रागावले की काय करतात?" पसंत पडलं की पिशवी द्यायची. पिशवीत एक जुना स्वच्छ टॉवेल, एक पट्टा, टोचल्याचं कार्ड. जाडजूड वहीत नावापुढे घराचा पत्ता लिहायचा आणि खाली पट्टीनं रेघ मारायची. रेघ मारली की तो खर्च संपला. ताईंना ती रेघ मारताना जे सुख व्हायचं, ते लॉजचं महिन्याचं बिल हातात पडतानाही व्हायचं नाही.

नऊ वर्षांत एकशे एकेचाळीस रेघा. आणि एकही परत नाही. हे त्या सगळ्यांना सांगायच्या. कपडे टाकायला आलेल्या गिऱ्हाइकाला, लॉजवाल्याला, भाजीवाल्याला, फोनवर, लग्नकार्यात. "एकशे एकेचाळीस घरं, आणि एकही परत नाही." इतरांच्या संस्थांत दहातले दोन परत येतात असं डॉक्टर म्हणायचे, तेव्हा ताई नुसत्या हसायच्या. ते हसू डॉक्टरांना मुळीच आवडायचं नाही.

जनावरांचे डॉक्टर गल्लीच्या टोकाला बसायचे. तोंडात कायम लवंग, बोलणं सडेतोड. ताईंचं काम ते निम्म्या पैशांत करायचे आणि त्याबद्दल ताईंना पूर्ण पैशांचं बोलून घ्यायचे. दोघांचं एका गोष्टीवरून कायमचं भांडण होतं, ते म्हणजे कान. रस्त्यावरच्या कुत्र्याचं ऑपरेशन केलं की त्याच गुंगीत डाव्या कानाचं टोक कापतात. पुन्हा कुणी धरून आणला तरी लांबूनच कळतं की याचं झालेलं आहे. ताईंनी सुरुवातीचे काही कापू दिले, आणि त्यांच्या लक्षात आलं की तेच कुत्रे शेडमध्ये पडून राहतात. लोक यायचे, कान बघायचे, आणि म्हणायचे, "दुसरा दाखवा." कान कापलेला कुत्रा लोकांना वापरलेला वाटतो. ताईंनी फर्मान काढलं की कान कापायचे नाहीत.

"मग ओळखायचं कसं?" डॉक्टर म्हणाले.

"वहीत लिहिलंय की."

"कुत्रा वही गळ्यात घेऊन फिरतो का?"

"फिरतो कशाला? माझा एकही कुत्रा रस्त्यावर नाही."

डॉक्टरांनी दुसरी लवंग तोंडात टाकली.

तर अशी ही बाई. हट्टी, फुशारकी मारणारी, कामाला वाघीण. तिच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ वळत नाही, पण झालं ते सांगायलाच हवं.

एका मंगळवारी काका दुपारचा डबा खाऊन परत येताना बाजारामागच्या कचऱ्यातून एक मादी घेऊन आले. कुत्री म्हणायची तर म्हणायची. अंगावर केस म्हणून नव्हता. कातडी राखेसारखी, जाड, भेगाळलेली, डोळ्यांच्या फटी राहिलेल्या, बरगड्या मोजून घ्याव्यात आणि पोट मात्र टम्म. काकांनी तिला पोत्यातून खाली ठेवलं तर ती उभी राहिली, काउंटरखालून गेली, मशिनांच्या मधल्या ओळीतून गेली, गरम खोलीचं दार नाकानं ढकललं आणि वाळवायच्या मशिनामागे, जिथून पाइप जातो तिथं, जाऊन पडली.

"हिला तर पत्ता पाठ आहे," काका म्हणाले आणि सगळे हसले. ताईही हसल्या. त्या तिच्याजवळ खाली बसल्या तर तिनं त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकली. सगळेच टेकतात, ताईंना वाटलं. अंगाच्या सुरकुत्या बघून त्यांनी नाव ठेवलं, चुरगळी.

संध्याकाळी डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. गर्भपिशवीत पू झाला असणार, म्हणाले, मादीला होतो, आणि फुटला तर संपलं. "सोनोग्राफी करून घेऊ. मोठ्या दवाखान्यात पाठवावी लागेल."

"किती?"

डॉक्टरांनी आकडा सांगितला. पंचवीस चादरी. ताईंच्या डोक्यात लगेच घडी पडली. पिशवी काढायचीच आहे, आज ना उद्या. मग आधी फोटो कशाला? "उघडूनच बघा ना. तुमचा हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी पुन्हा एकदा पोट दाबून बघितलं. कुत्री धापा टाकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी ती टेबलावर घेतली.

ताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. वीस मिनिटांत डॉक्टरांनी आतून हाक मारली. ऑपरेशन चालू असताना ते कधीच हाक मारत नाहीत. ताई आत गेल्या. डॉक्टर हातमोजे वर धरून उभे होते.

"ताई, हिला पिशवीच नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे हिचं ऑपरेशन आधीच झालेलं आहे. पू नाही, काही नाही. पोटात नुसतं पाणी आहे. उपाशी राहून, जंतांनी असं पोट फुगतं. मी एका उपाशी कुत्रीचं पोट उगाच फाडलंय." ते एक एक शब्द वेगळा ठेवल्यासारखे बोलत होते. "या असल्या कातडीत जुना वण दिसतो कुठे? कानाला खूण असती तर मी सुरी उचलली नसती."

ताईंना वाटलं, दुसऱ्या कुणाची असेल. दुसऱ्या संस्था आहेत, दुसरे डॉक्टर आहेत. त्या तसं म्हणणारच होत्या. डॉक्टरांनी चिमट्यानं आतलं काहीतरी किंचित उचलून दाखवलं. लालसर मांसात एक निळी बारीक गाठ.

"हा दोरा माझा आहे. दोन वर्षांपूर्वी तीन महिने नेहमीचा दोरा बाजारात मिळत नव्हता. मी हा निळा वापरला, तो विरघळत नाही. फक्त त्या तीन महिन्यांत. आणि त्या तीन महिन्यांत मी बाहेरची एकही मादी केली नाही, ताई. सगळ्या तुमच्या होत्या."

ताईंना काही दुखलं नाही, रडू आलं नाही, नुसते कान बंद झाल्यासारखे झाले. डॉक्टरांनी पोट शिवायला घेतलं होतं आणि ते काहीतरी सांगत होते, दोन दिवस काढले तर वाचेल, असं काहीतरी. ताईंना फक्त ती भेगाळलेली हनुवटी दिसत होती. काल ही सरळ गरम खोलीत गेली होती. पत्ता पाठ होता हिला. आणि आपण हसलो.

दुकानात येऊन त्यांनी वही काढली. त्या तीन महिन्यांत अकरा माद्या झाल्या होत्या आणि अकराच्या अकरा घरोघर गेल्या होत्या. अकरा रेघा. यातली एक रेघ खोटी होती. कुणीतरी फोनवर आपल्याशी वर्ष-दोन वर्षं गोड बोलत होतं आणि कुत्री कचऱ्यात होती. ताईंचं डोकं आता तापलं. बरं झालं तापलं, थिजलेल्यापेक्षा तापलेलं माणूस बरं. "सापडू दे तो," त्या काकांना म्हणाल्या. "चारचौघांत त्याची अब्रू काढते की नाही बघा."

यादी लिहितानाच त्यांनी एक नाव खोडलं. गुंडी, तपकिरी, बुटकी. ती त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाकडे होती. तिथं काय बघायचं? तिथं तर त्यांनी पहिल्यांदाही फाटक मोजलं नव्हतं. आपल्या हातानं वाढवलेला भाऊ, घर बघायला जायचं म्हणजे त्याचा अपमान. शिवाय दर रविवारी त्याचा फोन यायचा. "गुंडी काय म्हणते?" ताई विचारायच्या. "पायाशी झोपलीय," तो म्हणायचा. गेल्या रविवारीही म्हणाला होता.

राहिली दहा. पुढचे तीन दिवस ताई दुकान काकांवर टाकून फिरल्या. न सांगता जायचं, दार वाजवायचं, कुत्री डोळ्यांनी बघायची. पहिल्या घरी कुत्री सोफ्यावर आणि घरधनी खाली सतरंजीवर. दुसऱ्या घरी तिला स्वेटर. एका घरी म्हातारीनं ताईंना आत बोलावून कुत्रीच्या दातांची तक्रार अर्धा तास ऐकवली. एका घरी कुत्री नव्हती, मेली होती, गाडीखाली. पण त्यांनी कळवलं होतं आणि वहीत तशी नोंद होती. प्रत्येक दारातून निघताना ताईंचा जीव भांड्यात पडायचा आणि लगेच बाहेर यायचा, कारण यादी लहान होत चालली होती. दहावं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं आणि काळी ठिपक्यांची मादी भुंकत बाहेर आली, लठ्ठ, चकचकीत, शेपटी हलवत. घरातल्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, ताई! या ना आत."

ताई जिन्यातच बसल्या. त्या बाईंनी पाणी आणलं तर ताईंनी पेला पायरीवर ठेवला आणि यादी पुन्हा मोजली. अकरातल्या दहा बघून झाल्या होत्या.

भावाचं घर बसनं चाळीस मिनिटं. दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे तो छापखान्यात असणार, भावजयीला विचारू, ताईंनी ठरवलं. दार भावानंच उघडलं, बनियनवर. मागच्या खोलीत जमिनीवर भावजय बसली होती, मधे खळीचं भांडं, चारी बाजूंना कागदी पाकिटांचे गठ्ठे, गुडघ्याएवढे. भिंतीपाशी, जिथं गुंडीचं पोतं असायचं, तिथंही गठ्ठेच.

"तू घरी कसा?" ताई म्हणाल्या. मग दुसरा प्रश्न आपोआप आला. "गुंडी कुठंय?"

"फिरायला नेलीय," भाऊ म्हणाला.

"कुणी? तुम्ही दोघंही इथंच आहात."

भाऊ उभा राहिला नुसता. पन्नाशीचा माणूस, पण लहानपणी दुधाचं पातेलं उपडं केल्यावर उभा राहायचा तसाच उभा राहिला. भावजयीनं हाताची खळ पदराला पुसली.

"तुम्ही बसा, ताई. मी सांगते. हे नाही सांगणार." ती न थांबता बोलत गेली, पाठ केलेलं असावं तशी. छापखाना बंद पडून आठ महिने झाले होते. दोघं मिळून पाकिटं चिकटवत होते, हजाराला काय मिळायचं ते तिनं सांगितलं, आणि ताईंच्या डोक्यात ते दीड चादर झालं. गुंडीला कातडीचा रोग आला होता पहिल्याच वर्षी. औषधी शाम्पू, रोजच्या दोन गोळ्या, तीन आठवड्यांनी इंजेक्शन. थांबवलं की पुन्हा उठायचं. "पगार होता तोवर केलं आम्ही. सव्वा वर्ष केलं. तुम्ही दिलीत तेव्हा पिशवीत एक टॉवेल आणि एक पट्टा होता, ताई. पुढच्या बारा वर्षांचं त्यात काही नव्हतं."

"मला सांगायचं नाहीस?" ताई भावाकडे वळून म्हणाल्या. "अरे, मी शंभर परक्या कुत्र्यांचं करते, तुझ्या एकीचं केलं नसतं? परत आणायची होतीस."

भावजय म्हणाली, "परत कशी आणणार? तुमच्याकडे एकही परत येत नाही ना. बारशापासून बाराव्यापर्यंत सगळीकडे सांगता तुम्ही. माझ्या माहेरच्यांनासुद्धा सांगितलंत. पहिला परत आलेला कुत्रा तुमच्या सख्ख्या भावाकडून? यांची हिंमत झाली नाही."

ताईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं. ज्या वाक्यावर त्या नऊ वर्षं ताठ मानेनं उभ्या होत्या, त्याच वाक्याला घाबरून हे दोघं इथं बसले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कुणाला?

"कुठं सोडलीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुझ्याच गल्लीच्या तोंडाशी," भाऊ म्हणाला. "म्हटलं तू बघशील, रस्त्यावरची समजून उचलशील. तुला कळणारही नाही, तिचं औषधपाणीही होईल. पण ती तिथं थांबली नाही. तिसऱ्या दिवशी इथं दारात होती. पाय सोललेले. इतक्या लांबून कशी आली, कुणास ठाऊक."

"मग?"

"मग चार दिवस ठेवली. आणि परत तिथंच नेली. पाव टाकला आणि चालत्या बसमध्ये चढलो. ती बसमागे धावत होती."

"कुठवर?"

"मी पुढं बघितलं नाही, ताई. त्याला आता चार महिने झाले."

चार महिने. म्हणजे सोळा रविवार. सोळा वेळा ही पायाशी झोपली होती. ताईंना ओरडायचं होतं, त्याच्या कानाखाली ओढायची होती, त्याला जवळ घ्यायचंही होतं, आणि यातलं एकही होईना. त्या म्हणाल्या, "शर्ट घाल. चल."

दवाखान्यात चुरगळी, म्हणजे गुंडीच, कोपऱ्यात टॉवेलावर पडली होती. दोन दिवस निघाले होते आणि तिसऱ्या दिवशी तिनं आपलं आपण पाणी प्यायलं होतं. भाऊ दारातच थांबला. ताईंना वाटलं, आता ही तोंड फिरवेल. फिरवावं, असं त्यांना मनातून वाटत होतं, अगदी खोटं कशाला बोला. तिनं नाक वर केलं. ते शेपूट, केस नसलेलं, दोरीसारखं, फरशीवर आपटायला लागलं. ताजे टाके पडलेलं पोट फरफटवत ती त्याच्याकडे सरकायला लागली. डॉक्टर ओरडले, "उचला, उचला, टाके सुटतील!" भावानं धावत जाऊन खाली बसून तिला मांडीत घेतलं आणि त्या भेगाळलेल्या डोक्यावर तोंड ठेवून तो इतक्या मोठ्यानं रडला की बाहेर मांजर घेऊन बसलेली बाई उठून आत डोकावली.

डॉक्टरांनी ताईंकडे बघितलं. त्यांच्या तोंडात पहिल्यांदाच लवंग नव्हती. "आणि कान?" ते हळूच म्हणाले.

"कापा. हिचा राहू दे, पण इथून पुढं सगळ्यांचे कापा," ताई म्हणाल्या. "घरं मिळाली तर मिळाली."

गुंडी भावाकडेच जाईल, औषध लाँड्रीतून जाईल, एवढं तिथंच ठरलं. ते सोपं होतं. ताई दुकानात आल्या, काकांशी हूं की चूं न करता मागे गेल्या, रुसलेल्या मशिनाशेजारी स्टूल ओढलं, वही मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून फोन लावायला घेतले. पूर्वी त्या विचारायच्या, "कसा आहे?" आणि लोक म्हणायचे, "मजेत." कोण दुसरं म्हणेल? आज त्यांनी प्रश्न बदलला. "मी लाँड्रीवाली ताई. कुत्र्याचा खर्च झेपतोय का तुम्हाला? खरं सांगा. नसेल झेपत तर औषध मी देते, खाणं मी देते. परत आणायचा असेल तरी आणा. मी एक शब्द बोलणार नाही."

पहिल्या घरी हसले. "काय हो ताई, आज असं काय विचारता?" दुसऱ्या घरच्या आजोबांनी त्यांनाच उलट विचारलं की तुमचं दुकान बरं चाललंय ना. तिसरा फोन कुणी उचलला नाही. ताईंच्या छातीवरचं ओझं जरासं हललं. एका घरचं ते, आपल्याच घरचं, सगळीच घरं काही तशी नसतील.

चौथं घर खिशाचं. खिसा म्हणजे त्यांचा सगळ्यांत लाडका, आठ वर्षांमागे दिलेला. त्या घरातून दर वर्षी न चुकता फोटो यायचा, मुलांच्या मधे बसलेला खिसा, मुलं दर वर्षी वीतभर उंच. फोन वडिलांनी उचलला. ताईंनी तेच सगळं शब्दाला शब्द विचारलं. पलीकडून काही आवाज आला नाही. ताईंना वाटलं, फोन कट झाला. त्यांनी "हॅलो" म्हटलं.

"ऐकतोय," ते गृहस्थ म्हणाले. मग कुठलं तरी दार लावून घेतल्याचा आवाज आला आणि ते अगदी हळू आवाजात बोलायला लागले. "ताई, लाँड्री सकाळी किती वाजता उघडते? मुलं शाळेत गेली की घेऊन येतो."